हक्काचा वकील

रात्री अकरा वाजता दारावर थाप पडते. घरातल्या कमावत्या मुलाला पोलीस घेऊन जातात. कशासाठी, हे नीट कुणालाच कळत नाही. सकाळी अब्बा कोर्टाच्या आवारात पोहोचतात तेव्हा झाडाखाली उभा असलेला एक जण पुढे येतो. "चाचा, घाबरू नका. ओळखीचे वकीलसाहेब आहेत. आधी वीस हजार द्या." संध्याकाळपर्यंत अम्मीच्या बांगड्या सोनाराकडे गेलेल्या असतात. दोन तारखांनंतर वकीलसाहेब फोन उचलत नाहीत आणि मुलगा आतच राहतो.

असे एखादे घर आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच आवारात एक पैसाही न घेता वकील मिळू शकला असता, हे त्या घराला कुणी सांगितलेले नसते. कुणी सांगितलेच तर उत्तर ठरलेले, "सरकारी वकील? तो तर पोलिसांच्या बाजूचा!" इथेच मोठा गैरसमज आहे. सरकारी वकील आरोपीविरुद्ध खटला चालवतो. विधी सेवा प्राधिकरण देते तो वकील आपला असतो. त्याचे मानधन सरकारी निधीतून येते, पण त्याची बांधिलकी आपल्याशी असते.

हा हक्क कुणी मेहरबानी म्हणून दिलेला नाही. १९७६ मध्ये राज्यघटनेत कलम ३९-अ आले. पैशाअभावी कुणीही न्यायापासून वंचित राहू नये, ही जबाबदारी त्या कलमाने सरकारवर टाकली. पण कागदावरच्या या शब्दांत जीव आला तो तुरुंगातल्या माणसांमुळे. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काही जण खटल्याविना आत होते. त्या कैद्यांत हुस्नआरा खातून नावाची एक स्त्री होती. तो खटला आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. गरीब आरोपीला मोफत वकील मिळणे हा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले.

१९८० मध्ये भागलपूरच्या कैद्यांच्या खटल्यात, निधी नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. १९८३ मध्ये मुंबईच्या कोठडीतील स्त्रियांच्या हालांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून आणखी एक निकाल आला. कुणालाही अटक करून कोठडीत आणले की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला लगेच कळवावे, असा आदेश त्यात आहे.

पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल याची यादी आहे. ती प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. कोणतीही स्त्री, मग तिचे उत्पन्न कितीही असो. कोणतेही मूल. अटकेत किंवा तुरुंगात असलेली व्यक्ती. अपंग व्यक्ती. औद्योगिक कामगार. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती. पूर, भूकंप, दुष्काळ किंवा जातीय हिंसाचाराची झळ बसलेली व्यक्ती. यांपैकी कशातही न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे.

आपल्या बहिणींनी यातला पहिला शब्द पुन्हा वाचावा. मेहर बुडवला, नवऱ्याने घराबाहेर काढले, मुलांचा खर्च देत नाही, मारहाण होते, अशा प्रत्येक प्रकरणात मोफत वकील हा तिचा हक्क आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही सर्वांना लागू असलेल्या कायद्याखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. "वकिलाला द्यायला पैसे नाहीत" म्हणून तिने गप्प बसण्याचे कारण नाही.

मग लोक जात का नाहीत? माहिती नाही हे एक कारण. दुसरे कारण अनुभवाचे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अनेक वर्षे ही कामे पॅनलवरच्या वकिलांकडे जात. खासगी कामे सांभाळून ते ही प्रकरणे पाहत. मानधन तुटपुंजे, तेही बऱ्याचदा उशिरा हातात पडणारे. प्रवास आणि झेरॉक्सचा खर्च भागवून त्यातून फारसे उरत नाही. त्यामुळे अनुभवी वकील पॅनलवर यायला तयार नसत आणि जे येत त्यांच्यातल्या काहींचे लक्ष दुसरीकडे असे. "फुकटचा वकील कामाचा नाही" हे वाक्य त्यातून रुजले. दोष एकट्या वकिलाचा नव्हता. ज्याच्या कष्टाचे मोल होत नाही, त्याच्याकडून मनापासून कामाची अपेक्षा किती धरणार? वकिलाचे मानधन आणि पक्षकाराचा न्याय या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

याच दुखण्यावर इलाज म्हणून २०२२ पासून नवी व्यवस्था आली आहे. महाराष्ट्रात तिला लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतात. इथले वकील पूर्णवेळ असतात, त्यांना दरमहा मानधन मिळते आणि खासगी वकिली करता येत नाही. सरकार पक्षाकडे जसे पूर्णवेळ वकील असतात, तसेच आता गरीब आरोपीकडेही असावेत, हा त्यामागचा विचार आहे. या योजनेसाठी केंद्राने २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांकरिता ९९८.४३ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली.

बदल चांगला आहे, पण अपुरा आहे. हे कार्यालय फौजदारी खटल्यांतील आरोपींसाठी आहे. पोटगी मागणारी स्त्री, घराचा ताबा मागणारी विधवा किंवा थकलेला पगार मागणारा कामगार अजूनही पॅनलच्या वकिलाकडेच जातो, आणि त्या वकिलाच्या मानधनाचा प्रश्न तसाच आहे. शिवाय योजनेपुरता मिळणारा पैसा मुदतीपुरता असतो. न्यायाचा हक्क कायमचा आहे, तर त्यासाठीचा निधीही कायमचा हवा. रस्ते आणि पाण्यासाठी आपण आमदार-खासदारांना प्रश्न विचारतो. विधी सेवेला किती दिले आणि वकिलांचे पैसे वेळेवर मिळतात का, हेही विचारायला हवे.

आपल्या समाजाला याची निकड जास्त आहे. लोकसंख्येत आपला जेवढा वाटा, त्याहून मोठा वाटा देशातल्या कच्च्या कैद्यांत आहे, असे तुरुंगांची सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते. त्यातले कित्येक जण जामीन मिळूनही केवळ जामिनाची रक्कम नाही म्हणून आत राहतात. अशा गरीब कैद्यांसाठी २०२३ मध्ये केंद्राने योजना आणली. सुरुवातीला तीत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्या कैद्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. तिची चौकशीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातच करावी.

प्रेषित मुहम्मद (स.) तरुण होते तेव्हाची मक्केतली घटना आपल्याला माहीत आहे. येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतल्या एका बड्या सरदाराने घेतला आणि पैसे दिले नाहीत. परक्या माणसाच्या बाजूने बोलणार कोण? तेव्हा काही लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले. अन्याय झालेल्याच्या पाठीशी, तो कुणीही असो, आपण सर्व मिळून उभे राहू, असा करार त्यांनी केला. हाच हिल्फुल फुजूल. प्रेषित (स.) त्यात सहभागी होते आणि इस्लामच्या काळातही अशा कराराची हाक आली तर आपण ती स्वीकारू, असे त्यांनी नंतर सांगितले. ज्याची बाजू मांडायला कुणी नाही त्याची बाजू मांडणे हे आपल्यासाठी परके काम नाही.

मग आपण काय करावे? अटक झाली तर पहिल्याच दिवशी न्यायाधीशांसमोर "मला मोफत वकील हवा" एवढे म्हणावे. बाकीच्यांनी तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यावा. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. नेमलेला वकील लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागावा. कुणी पैसे मागितले तर तेही तिथेच कळवावे.

आणि एक काम आपल्या मशिदींच्या कमिट्यांनी करावे. नमाजच्या वेळांच्या फलकाशेजारी तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि १५१०० हा क्रमांक लिहून ठेवावा. मोहल्ल्यातल्या दोन शिकलेल्या मुला-मुलींनी विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावे. पुढच्या वेळी रात्री दारावर थाप पडली, तर सकाळी अब्बांसोबत कोर्टात कुणीतरी असेल आणि झाडाखालच्या माणसापाशी न थांबता ते थेट त्या कार्यालयाच्या दारापर्यंत जातील, इन्शाअल्लाह.