वांगणीत उतरलेले यान

परवा माझ्या नातवाने मला विचारले, “आजोबा, तुमचं सगळ्यात आवडतं पर्व कोणतं?”

“भीष्मपर्व,” मी म्हणालो.

त्याने कपाळाला हात लावला. त्याला महाभारत अभिप्रेत नव्हते. ‘स्टार ट्रेक’ नावाची जी जुनी अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका आम्ही दोघे रोज रात्री जेवणानंतर पाहत होतो, तिच्या तीन पर्वांविषयी तो विचारत होता. बहात्तराव्या वर्षी आजोबा अंतराळयानाच्या गोष्टी पाहत बसतात याचे आमच्या घरात आता कुणाला नवल वाटत नाही. आमची ही तेवढी अधूनमधून म्हणते, “त्या कानवाल्यात काय एवढं पाहण्यासारखं आहे, देव जाणे!” पण तो कानवाला पडद्यावर आला की तिचेही विणकाम थांबते, हे मी पाहिले आहे.

तर वाचकहो, ही हकीकत त्या मालिकेची आहे आणि थोडी वांगणीचीही. वांगणी म्हटल्यावर मुंबईकरांना कर्जतच्या गाडीवरचे स्टेशन आठवते. ते नव्हे. माझी वांगणी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात आहे. तेव्हा ती ठाणे जिल्ह्यात होती, 2014 सालापासून पालघर जिल्ह्यात आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी तिथे मास्तर म्हणून बदली झाली. ठाण्याच्या वाड्यात वाढलेला मी, पावसाळ्यात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चपला आणि डोक्यावर वळकटी अशा थाटात ओढा ओलांडून तिथे दाखल झालो. खोलीत वीज नव्हती, रॉकेलची चिमणी होती. पोरे वारली, कोकणा आणि ठाकूर घरांतली. त्यांची बोली मला कळेना आणि माझे पुस्तकी मराठी त्यांना कळेना.

एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी मी एस.टी.ने ठाण्याला भावाकडे जाई. भावाने नवा टी.व्ही. घेतला होता. ‘रामायणा’ने 1987 साली रविवारची सकाळ ताब्यात घेण्यापूर्वीचे ते दिवस. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागे. वहिनी पोहे करीत आणि शेजारची सारी बिऱ्हाडे सतरंजीवर येऊन बसत. संवाद इंग्रजीत, माझे इंग्रजी बेताचे. निम्मे कानांनी कळे, उरलेले चेहऱ्यांवरून. दुपारी मी परतीची एस.टी. धरी आणि सोमवारी वर्गात शिरलो की पोरे पाढे म्हणण्याऐवजी एका सुरात विचारीत, “गुरुजी, कानवाल्याचं काय झालं?”

गोष्ट सांगण्याची सुरुवात मी निरुपायाने केली होती. एवढ्या पोरांना एकाच खोलीत दिवसभर बसवायचे म्हणजे गंमत नव्हे. पण पुढे पंचाईत अशी झाली, की मी एक रविवार सोडून ठाण्याला जाई आणि पोरांना गोष्ट मात्र दर सोमवारी हवी! मग जो भाग पाहिलाच नाही तो मी मनाने रचून सांगू लागलो. अंतराळयान ‘एंटरप्राइज’ने सूर्यमाळच्या पठारावर मुक्काम ठोकला, दाभोशाच्या धबधब्यावर पाणी भरले, अशी कितीतरी प्रकरणे अमेरिकेला अद्याप ठाऊक नाहीत.

आता पर्वांकडे वळतो. अमेरिकेत ही मालिका 8 सप्टेंबर 1966 रोजी एन.बी.सी. वाहिनीवर सुरू झाली. (त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. याच परिषदेच्या कथास्पर्धेत पुढे 1974 साली जयंत नारळीकरांनी नाव बदलून कथा धाडली आणि पहिला नंबर पटकावला, ही हकीकत आपल्याला ठाऊक असेलच.) जीन रॉडनबेरी हा मालिकेचा जनक. पहिल्या पर्वात 29 भाग, दुसऱ्यात 26 आणि तिसऱ्यात 24, असे एकूण 79 भाग झाले. 3 जून 1969 रोजी शेवटचा भाग दाखवून मालिका बंद केली. त्यानंतर दीड महिन्याने खरा माणूस खऱ्या चंद्रावर उतरला. मुहूर्त चुकला म्हणतात तो असा.

पहिले पर्व सर्वोत्तम, याविषयी मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. त्यात पुठ्ठ्याचे खडक आहेत, दिवे उगीचच लुकलुकतात, आणि परग्रहावरच्या बायका अमेरिकेतल्या केशभूषाकाराकडून नुकत्याच आल्यासारख्या दिसतात. पण कथा! ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग घ्या. एका ग्रहाच्या पोटात खाणी आहेत, आणि एक दगडासारखे जनावर खाणकामगारांना मारते आहे. सारे त्याला ठार करायला निघतात. कानवाला स्पॉक त्या जनावराच्या मनात शिरतो तेव्हा उमगते, की ती आई आहे. कामगार ज्यांना निरुपयोगी दगडी गोळे समजून फोडत होते, ती तिची अंडी होती. डॉक्टर मॅकॉय बिचारा शेवटी गवंड्यासारखा सिमेंट लावून तिची जखम बुजवतो. ही गोष्ट सांगितली त्या दिवशी वर्गात चिडीचूप शांतता होती. मग मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, की त्यांनी आधी तिला विचारलं का नाही? त्याच्या बोलीत हे वाक्य फार छोटे आणि फार तिखट होते.

आणि ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’. हार्लन एलिसन यांची ही कथा साऱ्या मालिकेचा मुकुटमणी आहे. डॉक्टर भ्रमाच्या भरात भूतकाळात उडी घेतो आणि इतिहासाची घडी विस्कटते. ती बसवायला कप्तान कर्क आणि स्पॉक 1930 सालच्या न्यूयॉर्कमध्ये येतात. मंदीचे दिवस आहेत आणि एडिथ कीलर नावाची एक बाई भुकेल्यांना फुकट जेवू घालते आहे. कप्तानाचा तिच्यावर जीव जडतो. पण स्पॉकला हिशेबाने कळते, की ही बाई रस्त्यातल्या अपघातात मेली तरच इतिहास ताळ्यावर येईल. वाचली तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे हिटलर जिंकेल. शेवटी मोटार येते. डॉक्टर तिला वाचवायला धावतो आणि कप्तान त्यालाच घट्ट धरून ठेवतो.

हा भाग मी ठाण्याला स्वतः पाहिला होता, त्यामुळे रचून सांगण्याचे काही कारण नव्हते. पण सोमवारी माझ्यापुढे जी पोरे बसली होती, त्यांतली निम्मी सकाळी काही न खाता आली होती. जेवू घालणारी बाई मेलीच पाहिजे, आणि ते योग्यच झाले, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या गोष्टीत कप्तानाने डॉक्टरला सोडले, डॉक्टरने बाईला मागे ओढले, आणि हिटलरचा बंदोबस्त पुढे दुसऱ्या कुणीतरी केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या पर्वाचे आमच्याकडे हाल झाले. त्यात मालिकेचा दोष नाही. दिवाळी झाली की आमच्या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात, भिवंडी, वसईकडे. पोरेही जातात. वर्ग अर्धा झाला. उरलेल्या अर्ध्यांना मी ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ सांगितली. सबंध जगात ही गोष्ट विनोदी म्हणून गाजली आहे. लोकरीच्या गुंड्यांसारखे गोंडस प्राणी, खातात आणि वाढतात, वाढतात आणि खातात. शेवटी एका ग्रहासाठी साठवलेले सारे धान्य फस्त करतात आणि कप्तानाच्या डोक्यावर त्यांचा पाऊस पडतो. मी हातवारे करून सांगितली, तरी कुणी हसेना. एका मुलीने विचारले, “सगळं धान्य? मग त्या गावातली माणसं काय खातील?” ते धान्य विषारी होते हे शेवटी उघड होते, असे मी सांगितले. त्यावर तर ती अधिकच गंभीर झाली. नागलीची कणगी फाल्गुनातच तळाला लागलेली ज्याने पाहिली आहे, त्याच्यापुढे रिकाम्या कोठाराचा विनोद करू नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

याच पर्वात ती सुप्रसिद्ध ‘मुख्य आज्ञा’ वारंवार डोके वर काढते. आज्ञा अशी, की परग्रहावरच्या लोकांच्या जगण्यात आपण ढवळाढवळ करायची नाही. आणि कप्तान दर दोन भागांआड ती मोडतो! ‘द ॲपल’मध्ये तर तो त्या लोकांचा देवच फोडून टाकतो आणि वर म्हणतो, आता तुम्ही स्वतंत्र झालात. मला हे तेव्हा मुळीच पटले नव्हते. मला वाटे, शहाण्या माणसाने यावे, पाहावे, नमस्कार करून निघून जावे.

मी तसेच केले. 1988 साली बदली मागून घेतली आणि ठाण्याजवळच्या शाळेत रुजू झालो.

पहिल्या पर्वातच ‘स्पेस सीड’ नावाचा भाग आहे. त्यात खान नूनियन सिंग नावाचा, आपल्या देशाकडचा म्हणून दाखवलेला महामानव आहे (काम करणारा नट मात्र मेक्सिकोचा). त्या कथेप्रमाणे 1992 साली हा धडधाकट, घडवून घेतलेला पुरुष पाव पृथ्वीचा राजा झाला. खऱ्या पृथ्वीवर 1992-93 साली वर्तमानपत्रांत जे नाव आले, ते होते वावर-वांगणी. तिथली लहान मुले कुपोषणाने दगावत होती. सबंध महाराष्ट्र हळहळला, मंत्री गेले, मोटारी गेल्या. मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले, पुन्हा उघडले, आणि रजेचा अर्ज लिहीपर्यंत आठ दिवस घालवले. अर्ज चार ओळींचा होता.

गेलो तेव्हा रिकामटेकडा पाहुणा वाटू नये म्हणून दूध-पावडरीचे डबे घेऊन गेलो. ट्रिबल्सच्या गोष्टीला न हसलेली ती मुलगी आता सोळा वर्षांची झाली होती. तिचा सर्वांत धाकटा भाऊ गेला होता. तिने मला बसायला गोणपाट टाकले, पाणी दिले. बोलली काहीच नाही. तिच्या आईने तेवढे विचारले, “गुरुजी, ठाण्याला बरं आहे ना?”

तिसऱ्या पर्वाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याची लायकी तेवढीच आहे. मालिका बंद पडू नये म्हणून चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला. वाहिनीने मालिका वाचवली, पण शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली आणि पैशाला कात्री लावली. पहिलाच भाग ‘स्पॉक्स ब्रेन’, म्हणजे चोर येऊन स्पॉकचा मेंदूच पळवतात. लेखकांचा मेंदू त्याआधीच गेला असावा. ‘द पॅराडाइज सिंड्रोम’मध्ये कप्तान स्मृती हरवून वनवासी लोकांत राहतो आणि त्यांना दिवा लावायला, शेताला पाणी द्यायला शिकवतो. म्हणजे तो येईपर्यंत ही माणसे अंधारात हात जोडून बसली होती! वांगणीच्या म्हाताऱ्या बायका कडू कंद उकळून, धुऊन, त्यातला कडूपणा काढून खाण्याजोगा करतात. अंतराळयानातल्या एकालाही ते जमले नसते. तिथे ज्ञान कमी नव्हते. कोठारात दाणा नव्हता आणि जवळ औषध नव्हते.

तरीही या पर्वात अर्धा चेहरा काळा, अर्धा पांढरा असलेल्या दोघांची गोष्ट आहे. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी, आणि एवढ्यावरून ते एकमेकांचा सत्यानाश करतात. कथा बाळबोध आहे, पण जातीपातीच्या देशात बाळबोध गोष्टही कामाला येते. आणि उहुराचे काम करणाऱ्या निशेल निकोल्स. पहिल्या पर्वानंतर त्या मालिका सोडणार होत्या. खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी सांगितले, सोडू नका, म्हणून राहिल्या. एका कृष्णवर्णी बाईने यानात नुसते बसून राहण्यालाही मोल होते. जाणाऱ्याने जावे की राहावे, हा प्रश्न मला तिथे फार बोचला.

आपल्याकडेही पुढे 1989 साली ‘इंद्रधनुष’ आले, 1998 साली मिलिंद सोमणचा ‘कॅप्टन व्योम’ आला. व्योम माझ्या मुलाने डोळे फाडून पाहिला. मला तो पोशाखी वाटला. पण चाळिशी उलटलेल्या माणसाचे मत अशा बाबतीत कुणी विचारात घेऊ नये.

गेल्या पावसाळ्यात मी वांगणीला जाऊन आलो. आता रस्ता आहे, खांबांवर तारा आहेत. ती मुलगी — मुलगी कसली, पन्नाशीला टेकलेली बाई — अंगणवाडीत सेविका आहे. गरोदर बायकांना आणि लहानग्यांना शिजवून वाढते, वजनकाट्यावर मुले तोलते, आकडे वहीत मांडते. नातवाने माझ्या मोबाइलवर ती न्यूयॉर्कची गोष्ट भरून दिली होती. तिला म्हटले, “पाहणार का? तीच जेवू घालणारी बाई.”

तिने पदराला हात पुसले आणि उभ्याउभ्याच पाहिली. इंग्रजी तिला कळत नव्हते, कळायची गरजही पडली नाही. मोटार आली. कप्तानाने डॉक्टरला धरून ठेवले. मी मान खाली घातली होती.

“गुरुजी,” ती म्हणाली, “तुम्ही तर सांगितलं होतं, वाचली म्हणून.”

“मी खोटं सांगितलं होतं.”

तिने जरा विचार केला. “नाही,” ती म्हणाली, “तुमचंच बरोबर होतं. यांनी धरायला नको होतं त्याला.”

आणि मोबाइल माझ्या हातात देऊन ती आत गेली. खिचडी उतरवायची वेळ झाली होती आणि पोरे ताटल्या वाजवीत होती.