मुंबई ते जेद्दाह : पाच तासांचा प्रवास आणि मीकात

मुंबई ते जेद्दाह हे हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर आहे. थेट विमानाला पाच ते साडेपाच तास लागतात. 1995 साली समुद्रमार्ग बंद झाला, त्याआधी हाजी मुंबईहून जहाजानेही जात. त्या प्रवासाला कित्येक दिवस लागत आणि यलमलमची मीकात जवळ आली की गुस्ल करून, इहराम बांधून तयार व्हायला पुरेशी सवड मिळे. विमानात ती सवड नसते. म्हणून उमरा-हजला निघणाऱ्या प्रत्येक घराने वेळेचा हिशेब आधीच समजून घ्यावा.

पहिली गोष्ट घड्याळाची. सौदी अरबची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. सकाळी 8 वाजता निघालेले विमान साडेपाच तासांनी उतरले, तर आपल्याकडे दुपारचे दीड वाजलेले असतात आणि जेद्दाहमध्ये 11. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. त्यामुळे प्रवास तीनच तासांचा वाटतो. परतताना याच्या उलट होते. रात्री 8 वाजता निघून पाच तासांनी पोहोचलात, तर मुंबईत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. घ्यायला येणाऱ्यांना तारीखही नीट सांगून ठेवा.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मीकातची. भारतातून जाणारे विमान साधारणपणे ताइफजवळच्या कर्नुल मनाजिलच्या हद्दीवरून जेद्दाहकडे उतरते. म्हणजे जेद्दाहला उतरण्यापूर्वीच, शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात, मीकात मागे पडते. बऱ्याच विमानांत तशी सूचना दिली जाते, पण तेव्हा झोप लागलेली असू शकते आणि स्वच्छतागृहापुढे रांगही असते. म्हणून गुस्ल घरीच करावे. पुरुषांनी इहरामच्या चादरी घरी किंवा विमानतळावर परिधान कराव्यात आणि मीकातपूर्वी नियत करून तलबिया म्हणावी. चादरी मोठ्या बॅगेत गेल्या तर त्या थेट जेद्दाहलाच हाती येतात. इहरामशिवाय मीकात ओलांडली, तर परत मीकातवर जावे लागते, नाहीतर दम म्हणजे कुर्बानी द्यावी लागते. आधी मदिना शरीफला जाणाऱ्यांना मात्र मुंबईहून इहरामची गरज नाही. ते मक्केला निघताना जुल-हुलैफा येथे इहराम बांधतात.

तिसरी गोष्ट नमाज-रोजाची. विमान पश्चिमेला, सूर्याच्या मागे जाते, त्यामुळे दिवस लांबतो. नमाज आणि इफ्तारची वेळ मुंबईच्या तक्त्यावरून नव्हे, विमान जिथे आहे तिथल्या सूर्यावरून ठरते. खिडकीतून सूर्य दिसत असेल तर मगरिब झालेली नाही. रोजा लांबणे झेपणार नसेल, तर मुसाफिराला नंतर कजा करण्याची सवलत आहे. नमाज एकत्र करण्याबाबत कोकणातील शाफई आणि इतरत्रचे हनफी यांचे मसले वेगळे आहेत. आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना निघण्याआधीच विचारून घ्यावे.

शेवटी घरातील बुजुर्गांसाठी. इन्सुलिन आणि रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. अडीच तासांच्या फरकात डोस कसा घ्यायचा, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. जेद्दाहहून मक्का अजून सुमारे 80 किलोमीटर असते. विमानतळावरील तपासणी आणि बसची वाट धरली, तर घरापासून हरमपर्यंत पूर्ण दिवस जातो. त्या तयारीने निघालात, तर तवाफसाठी ताकद शिल्लक राहील, इन्शाअल्लाह.