गार्नी आणि गेगार्द : एकाच दरीतील दगडाची तीन रूपे

आर्मेनियाची राजधानी येरेवान येथून पूर्वेस सुमारे २८ किलोमीटरवर गार्नी हे गाव असून तेथून काही किलोमीटर पुढे गेगार्दचा मठ आहे. दोन्ही स्थळे एका दिवसात पाहून होतात. प्रवासी बहुधा प्रथम मंदिर व मठ पाहतात आणि वेळ उरला तर गार्नीखालच्या आझात नदीच्या दरीत उतरतात. वास्तुकलेच्या अभ्यासकाने मात्र आरंभ दरीपासूनच करणे इष्ट होय.

दरीच्या कड्यांवर बेसाल्टचे पंचकोनी व षट्कोनी स्तंभ एकमेकांस चिकटून उभे आहेत. लाव्हारस निवताना आकुंचन पावतो. त्यामुळे पडणाऱ्या भेगा निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून आत वाढत जातात व स्तंभ सुटे होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही.

दरीच्या माथ्यावरील गार्नीचे मंदिर बेसाल्टच्याच चिऱ्यांचे आहे. त्याभोवती आयोनिक पद्धतीचे २४ स्तंभ आहेत. १९४५ साली सापडलेल्या एका ग्रीक शिलालेखाच्या आधारे ते सामान्यतः इ. स. ७७ च्या सुमाराचे, म्हणजे पहिल्या तिरिदातेस राजाच्या काळचे मानतात. काही विद्वान मात्र ते दुसऱ्या शतकातील समाधिस्थान समजतात. १६७९ च्या भूकंपात ते कोसळले. आज दिसते ती १९६९ ते १९७५ या काळात अलेक्झांडर साहिन्यान यांच्या मार्गदर्शनाखाली झालेली पुनर्रचना होय. तीत नवे चिरे मुद्दाम नक्षीविना ठेवले आहेत. जुने कोणते व नवे कोणते याविषयी पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही, हे या कामाचे मोठे श्रेय.

गेगार्द येथे रीत बदलते. मुख्य चर्च १२१५ सालचे व बांधीव आहे. परंतु त्यास लागूनच तेराव्या शतकातील दालने डोंगरात खोदलेली आहेत. एकात गाल्द्झाक या शिल्पकाराचे नाव कोरलेले आहे. १२८८ च्या वरच्या दालनात चार खांब खडकातच राखले असून प्रकाश छतातील झरोक्यातून येतो. या खांबांवरील कमानी वस्तुतः कसलाही भार पेलीत नाहीत. डोंगर आपल्याच बळावर उभा आहे. बांधीव चर्चमध्ये ज्या कमानींवाचून छत टिकले नसते, त्यांचे केवळ रूप येथे खडकात उतरले आहे. भाजे व कार्ले येथील चैत्यगृहांच्या छतांस लाकडी फासळ्या आहेत, त्यांचीही गोष्ट हीच. फरक इतकाच की, तेथे अनुकरण काष्ठवास्तूचे आहे, येथे दगडी बांधकामाचे.