साध्या मजकुरातील कोष्टक

पुष्कळशा गोष्टी वाक्यांत सांगण्यापेक्षा कोष्टकात मांडल्या असता लवकर ध्यानी येतात. पंचांग, आगगाडीचे वेळापत्रक, शाळेतील गुणपत्रक ही सर्व कोष्टकेच होत. प्रसिद्ध गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही याच जातीचा. हल्ली कोष्टक करावयाचे म्हटले की बहुतेकांचा हात एक्सेलकडे वळतो. तथापि नोटपॅडसारख्या अगदी साध्या साधनातही उत्तम कोष्टक लिहिता येते, आणि असे कोष्टक कोणत्याही संगणकावर उघडते. ते कसे लिहावे, याचा येथे विचार करू.

कोष्टकात आडव्या ओळी व उभे रकाने असतात. जेथे ओळ व रकाना मिळतात ते एक घर. नुसत्या ‘५५’ या आकड्यास काही अर्थ नाही. तो कोणाच्या ओळीत व कोणत्या विषयाच्या रकान्यात आहे, यावरून त्यास अर्थ येतो. साध्या मजकुरात अक्षरे एकापुढे एक ठेवलेली असतात, एवढेच. तेथे चौकटी नाहीत, रंग नाहीत, ठळक अक्षरही नाही. म्हणून एक घर कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, हे लिहिणाऱ्यानेच सांगितले पाहिजे.

पुष्कळ जण हे काम मोकळ्या जागा सोडून करतात. दिसावयास ते ठीक दिसते. परंतु समजा, चौदाव्या क्रमांकाचा मुलगा आजारामुळे गणिताच्या परीक्षेस बसू शकला नाही. त्याच्या ओळीत ‘१४’, ‘६२’ व ‘५५’ एवढेच आकडे येतील. ते दुसरीकडे उतरवून घेताना एखादी मोकळी जागा कमी झाली, की शास्त्राचे ५५ गुण गणिताच्या रकान्यात जाऊन बसतील, आणि ज्या विषयात तो उत्तीर्ण आहे तोच विषय रिता दिसेल. मुलाचा दोष काडीमात्र नाही. परंतु घरी जाणारे गुणपत्रक खोटे ठरले! यावर उपाय म्हणजे प्रत्येक घरामध्ये उभी रेघ घालणे :

| क्रमांक | मराठी | गणित | शास्त्र |
|---|---:|---:|---:|
| १३ | ५८ | ७१ | ६४ |
| १४ | ६२ | | ५५ |

आता रिकामे घर रिकामेच राहते. तेथे शून्यही घालू नये. न बसणे वेगळे आणि बसून शून्य मिळवणे वेगळे. दुसऱ्या ओळीतील आडव्या रेघा शीर्षक निराळे करतात, व त्यांच्या शेवटचा विसर्गासारखा द्विबिंदू आकडे उजवीकडे लावावे असे सुचवितो. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मार्कडाउन’ या लेखनपद्धतीत पुढे इतरांनी ही कोष्टकाची रीत जोडली.

कल्पना मात्र पुरातन आहे. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने चार शुभवर्तमानांतील समान उतारे सापडावेत म्हणून दहा कोष्टके रचली. चारही ग्रंथांचा मजकूर त्याने जसाच्या तसा ठेवला व केवळ उताऱ्यांचे क्रमांक शेजारी शेजारी मांडले. पुढे हस्तलिखिते करणाऱ्यांनी त्या आकड्यांच्या रकान्यांमध्ये सुंदर खांब व कमानी चितारल्या. आपली उभी रेघ हा त्याच खांबाचा साधा अवतार होय.

मराठी लिहिणाऱ्यास तर या खांबाची गरज अधिकच आहे. इंग्रजी टंकलेखनात प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचे असल्याने जागा मोजून रकाने जुळविता येत. आपल्या लिपीत तसे होत नाही. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांस दोन अक्षरांचा दिसतो. परंतु युनिकोडच्या हिशेबाने त्यात सात चिन्हे आहेत : क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त आणि र. म्हणून रेघा काहीशा वाकड्या दिसल्या तरी खंत करू नये. प्रत्येक ओळीतील रेघांची संख्या सारखी आहे ना, एवढे मोजावे.

रेघेऐवजी टॅब किंवा स्वल्पविरामही चालतो. एक्सेलमधील कोष्टक नोटपॅडमध्ये उतरविल्यास रकान्यांमध्ये टॅबच येतात. मग ‘शोधा व बदला’ या सोयीने त्यांच्या जागी रेघा घालता येतात. स्वल्पविराम वापरणाऱ्याने मात्र सावध असावे. ‘कर्वे पुतळा, कोथरूड’ हा पत्ता एका घराचा असूनही त्याची दोन घरे होतील. म्हणून असा मजकूर अवतरणचिन्हांत ठेवावा.

तारखांची युक्तीही सांगतो. आपल्या कोथरूडच्या वनाज स्थानकापासून गरवारे महाविद्यालयापर्यंतची मेट्रो ०६-०३-२०२२ रोजी सुरू झाली, ती ०१-०८-२०२३ रोजी रुबी हॉलपर्यंत व ०६-०३-२०२४ रोजी रामवाडीपर्यंत गेली. या तारखा अशाच लिहून ओळी क्रमाने लावण्यास सांगितले, तर संपादक रुबी हॉलची ओळ वनाजच्या आधी आणील, कारण तो डावीकडून एकेक अंक पाहतो. तेच वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले की क्रम आपोआप बरोबर लागतो.

शेवटी फाइल ‘यूटीएफ-८’ या प्रकारात जतन करावी. अन्यथा मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटण्याचा संभव असतो.

साध्या मजकुराचा मोठा गुण हा की तो आपण लिहिलेले स्वतःहून बदलीत नाही. एक्सेल काही जनुकांच्या नावांना तारखा समजून बदलून टाकी. त्यामुळे संशोधनात इतके घोटाळे झाले की २०२० साली ती नावेच बदलण्यात आल्याचे जाहीर झाले. कोष्टकाची सजावट मागाहून कोणीही करील. प्रत्येक आकडा ज्याचा त्याच्या घरी पोचविणे, हे मात्र लिहिणाऱ्याचेच कर्तव्य आहे. कारण त्या आकड्यामागे पुष्कळदा एखादा मुलगा उभा असतो.