काचपेटीतले मासे आणि गावचे पाणी

रूपावर भाळून आम्ही काचपेटीत प्रथम एंजल मासे आणले. मादीने दोनदा अंडी घातली. पिलू मात्र एकही निघाले नाही. दोष बहुधा पाण्याचा. हा मासा अ‍ॅमेझॉनच्या मृदू पाण्यातला, आणि बऱ्हाणपूरचे पाणी दुष्फेन! १६१५ च्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारांत भिंतींवर चढलेली चुन्याची पुटे आम्ही वर्षानुवर्षे मुलांना दाखवीत आलो. तरी हे ध्यानी आले नाही.

एंजल सिक्लिड कुळातला. कोकणचे काळुंदरही त्यातलेच. त्याच कुळातले, आफ्रिकेतील मलावी सरोवराचे पिवळे-निळे मासे आमच्या पाण्यात रमले. मादी अंडी तोंडात धरून सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. पिले बाहेर पडली तेव्हा सारे घर काचेला नाक लावून उभे!

पुढे संख्या वाढली, नर भांडू लागले. "तापीत सोडून द्या," असा सल्ला मिळाला. तो आम्ही मानला नाही. याच कुळातला तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि अनेक नद्या-तलावांत देशी माशांच्या मुळावर आला. आम्ही पिले शेजाऱ्यांच्या पेट्यांत वाटली. दोन भांडखोर नर तेवढे राहिले आहेत, मध्ये काच घालून.