कर्नाटकी कशिदा : सुई, दोरा आणि कापडाची उलटी बाजू

आमच्या शिवण वर्गात कर्नाटकी कशिदा सुरू झाला तेव्हा आमची अशी समजूत होती, की जिला साखळी टाका, उलटी टीप आणि भरीव टाका येतो तिला हे काम आठ दिवसांत जमेल. पहिल्या खेपेचे टेबलक्लॉथ मोठ्या उमेदीने एका दुकानात नेले. दुकानदाराने नक्षीकडे पाहिलेही नाही. कापड उलटे केले. मागे गाठी आणि लोंबती टोके! सगळा माल परत आला. रात्री जागून काम केलेल्या भगिनींच्या हाती काहीच पडले नाही. नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थिनींवर ती पाळी येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

धारवाड, बेळगाव, विजापूर या भागांतील ही कला. इरकली लुगड्यांवर, विशेषतः काळ्या चंद्रकळेवर, ती काढली जाई. गोपूर, रथ, पालखी, हत्ती, मोर, कमळ ही तिची नेहमीची चित्रे. कापडावर छाप उठवायचा नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून टाका घालायचा. टाके चार. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा, मुर्गी म्हणजे त्याच टाक्याच्या पायऱ्या, नेगी म्हणजे विणल्यासारखा दिसणारा लहानमोठा धावदोरा आणि मेंथे म्हणजे फुलीचा टाका. मेंथे हे नाव मेथीवरून आले आहे. पैकी गवंती व मुर्गी दोन्ही बाजूंनी सारखेच दिसले पाहिजेत.

हे कसे साधते? समजा, चार धागे वर आणि चार धागे खाली असा धावदोरा घालीत आपण पुढे गेलो. रेषेच्या टोकाला वळून त्याच छिद्रांतून परत यायचे, म्हणजे राहिलेल्या जागा भरतात. वाटेत फांदी लागली, तर तिच्या टोकापर्यंत जाऊन, परतताना ती पुरी करून, मगच मुख्य रेषेवर पुढे सरकावे. फांदी परतीसाठी ठेवली तरी चालते, पण नवशिक्या हमखास विसरतात. एक धागा मोजण्यात चुकला तर गोपुराचा कळस वाकडा होतो आणि ते कळते फार उशिरा. म्हणून दर ओळीला मागे वळून मोजावे. मोजण्यासारखा नसलेला दाट कापडाचा तुकडा असेल तर वर जाळी टाचून काम करावे आणि शेवटी जाळीचे धागे एकेक करून ओढून काढावेत.

आता दोऱ्याविषयी. आमच्या मते निम्मे काम इथेच बिघडते. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, साधारण 18 इंच, एवढाच दोरा घ्यावा. वेळ वाचविण्यासाठी लांब दोरा घेणारीचा वेळ गुंता सोडविण्यात जातो, शिवाय कापडातून वारंवार ओढला गेल्याने दोरा पिसारतो. लडीचे सहा पदर एकदम फाडू नयेत. एकेक पदर सरळ वर ओढून काढावा व हवे तितके पुन्हा जुळवावेत. काम करताना दोऱ्याला पीळ बसतो. मधूनमधून सुई खाली लोंबकळत सोडावी, पीळ आपोआप उलगडतो. सुरुवातीस गाठ मारू नये. चार बोटे टोक मोकळे ठेवून नंतर ते टाक्यांखालून ओवून घ्यावे. गवंती हे नाव कानडीतील गाठ या अर्थाच्या शब्दावरून पडले असे सांगतात, आणि कामात तर गाठच चालत नाही, ही गंमतच!

लाल व काळा दोरा आधी पांढऱ्या ओल्या चिंधीवर दाबून पाहावा. रंग उतरला तर तो वापरू नये. उठताना सुई कापडात टोचून ठेवू नये, पावसाळ्यात गंजाचा डाग पडतो व तो निघत नाही.

परत आलेल्या टेबलक्लॉथांपैकी दोनच आम्हाला उसवून दुरुस्त करता आले. बाकीच्यांवर सुईची छिद्रे राहिली. ते वर्गाच्या कपाटात आहेत, आणि नव्या विद्यार्थिनींना आम्ही प्रथम तेच उलटे करून दाखवितो.