गाडी गरम होते, पण गॅस्केटच गेली हे कशावरून?



दर अंकात मी बेणे, पाचट आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. मी शेतकी पदविकेचा माणूस, मेकॅनिक नव्हे. पण आपल्या बऱ्याच सभासदांच्या दारात आज जुनी टर्बो डिझेल गाडी उभी असते. टाटांची सफारी १९९८ साली आली, महिंद्रची स्कॉर्पिओ २००२ साली. त्या काळच्या गाड्या सेकंडहँड घेऊन आपण अजून चालवतो. त्या गरम होऊ लागल्या की गॅरेजमध्ये पहिले वाक्य ऐकू येते, "साहेब, गॅस्केट गेली, हेड उतरवावे लागेल." या एका वाक्यापायी माझे आठ टन उसाचे पैसे गेले, आणि गाडी पुन्हा गरम झाली ती झालीच. म्हणून हे लिहिणे.

२०२३ च्या एप्रिलात, गाळप संपल्यावर, आम्ही घरची मंडळी वज्रेश्वरीला निघालो. माळशेज उतरून मुरबाड, कल्याण, भिवंडी असा रस्ता. कल्याण-भिवंडीच्या गर्दीत काटा थोडा वर चढला, मी लक्ष दिले नाही. पुढे वाडा रस्त्याच्या खड्ड्यांतून रखडत अंबाडी नाक्यावर आलो आणि काटा लाल रेघेत गेला, बॉनेटखालून वाफ निघू लागली. मी फडके घेऊन रेडिएटरचे झाकण काढायला गेलो, तर चहाच्या टपरीवाल्याने ओरडून थांबवले. गेल्याच उन्हाळ्यात तिथे एका ड्रायव्हरचा हात कोपरापर्यंत भाजला होता म्हणे.

त्याचे कारण समजून घ्या. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते, पण रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते. साधारण एक किलोचा दाब असला तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढले की दाब एकदम उतरतो आणि ११० अंशांचे पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. निदान पाऊण तास थांबावे, वरचा होज पाईप हाताला सोसवेल इतका निवला की मगच झाकणाला हात लावावा. तापल्या इंजिनात थंडगार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. (आम्ही निघालो होतो अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत अंघोळ करायला, आणि गरम पाणी नाक्यावरच भेटले. मंडळींनी हे मला अजून ऐकवायचे सोडलेले नाही.)

आता गॅस्केट म्हणजे काय? खाली ब्लॉक, वर हेड, आणि दोहोंच्या मधला पातळ पत्रा म्हणजे हेड गॅस्केट. सिलिंडरमधला स्फोटाचा दाब, थंड करणारे पाणी आणि ऑइल या तिघांना ती वेगळे ठेवते. टर्बो इंजिनात तिच्यावर ताण जास्त पडतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोची चक्री मिनिटाला लाखभर फेरे घेते आणि इंजिनात जास्त हवा कोंबते. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त दाब, जास्त उष्णता. त्यात इंजिन तापले की हेड किंचित वाकते आणि गॅस्केटवरची पकड सुटते. बहुतेक वेळा गाडी आधी गरम होते आणि त्यामुळे गॅस्केट जाते. मग गॅस्केट गेल्यामुळे गाडी आणखी गरम होते. आपण फक्त दुसरा भाग पाहतो.

उसाचेही असेच असते. ऊस पिवळा दिसला की युरिया टाकणारे सभासद मी पाहिले आहेत. बुंधा उपटून पाहिला असता तर मुळाशी हुमणी दिसली असती.

म्हणून आधी गाडी कधी गरम होते ते पाहा. गर्दीत, सावकाश चालताना गरम होते आणि मोकळ्या रस्त्याला निवते, तर दोष फॅन, फॅनचा क्लच, बेल्ट किंवा वारा अडण्यात आहे. घाट चढताना किंवा वेगात गरम होते, तर रेडिएटर आतून तुंबला, थर्मोस्टॅट अडकला किंवा वॉटर पंप मंदावला असण्याची शक्यता जास्त. एक फसवी गोष्टही सांगतो: काटा चढलेला असताना एकाएकी खाली आला तर खूश होऊ नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काटा असाच पडतो. काटा वर असताना केबिनचा हीटर गार हवा सोडत असला तरी बहुधा पाणीच कमी असते. तसे नसेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, थोडी उष्णता बाहेर निघते आणि बाजूला थांबेपर्यंत गाडी तगते.

गॅस्केटची शंका असेल तर सकाळी गार इंजिनावर झाकण काढून पाणी काठोकाठ भरा आणि गाडी सुरू करा. अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतात, ते सोडून द्या. पण बुडबुडे थांबतच नसतील आणि रेस केल्यावर पाणी उसळत असेल, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतो आहे. दुसरी खूण होज पाईपची. झाकण लावून गार गाडी सुरू केली आणि मिनिटभरात, पाणी कोमटही झाले नसताना, वरचा पाईप दगडासारखा घट्ट झाला, तर तो वाफेचा दाब असूच शकत नाही.

धुराने मात्र फसगत होते. थंडीतल्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघणारच. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट जळते आहे. वास डिझेलचा, डोळ्यांना झोंबणारा असेल तर इंजेक्टर पाहा. निळा धूर ऑइलचा असतो, तिथे टर्बोचे सील तपासावे. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखे ऑइल दिसले तर गाडी सुरूच करू नका. पण पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय धरते, ती नुसती दमट हवेची. आणि पाण्यात ऑइल दिसले तर हेड उतरवण्याआधी ऑइल कूलर तपासायला सांगा. तो फुटला तरी असेच दिसते आणि खर्च बराच कमी येतो.

मेकॅनिककडे दोन तपासण्यांचा आग्रह धरा. रेडिएटरला हातपंपाने दाब देऊन तो उतरतो का पाहणे, आणि रेडिएटरच्या तोंडावरचा गॅस निळ्या द्रवातून ओढून द्रवाचा रंग बदलतो का पाहणे. दोन्ही अर्ध्या तासात होतात, आणि हेड उतरवावे लागत नाही.

हेड उतरलेच तर ते सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून तपासलेले स्वतः पाहा आणि तडा आहे का याची दाबचाचणी करून घ्या. फेसिंग किती मारायचे याला कंपनीची मर्यादा असते, काही हेडांना फेसिंग चालतच नाही. बऱ्याच डिझेल इंजिनांना वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट येते, काठावरच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ती ओळखतात. जुनीशी ताडून न पाहता दुकानदार देईल ती लावू नये. ताणले जाणारे बोल्ट नवेच घ्यावेत, आणि टॉर्क रेंचने मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. हाताच्या अंदाजावर सोडू नये.

माझ्या बाबतीत यातले काहीच झाले नाही. वाटेतल्या एका गॅरेजात हेड उतरवले, गॅस्केट खरोखरच जळालेली निघाली, नवी बसवली. दोन महिन्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या मिस्त्रीने आधी एसीचा कंडेन्सर सोडवला. त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये बोटभर थर होता: भुसा, राख, चिखल. सात हंगाम मी गाडी वजनकाट्यासमोर बगॅसच्या वाऱ्यात उभी करत होतो. जाळ्या पाण्याने धुतल्या, आतल्या बाजूने बाहेर, सावकाश धार लावून, म्हणजे पत्र्या वाकत नाहीत. मग हेड सरळ करून घेतले आणि कूलंट बदलले.

हंगामात यार्डात गाडी लावणाऱ्यांनी महिन्यातून एकदा समोरची जाळी धुवावी. मी आता ती चिंचेखाली, वाऱ्याच्या उलट बाजूला लावतो.

— ऊस विकास अधिकारी